निधनवार्तेतली शेवटची ओळ

सोमवार, २ मार्च १९९८

सकाळचे आठ वाजायच्या आत एक विधवा माझ्या ऑफिसात उभी राहून किंचाळत होती! माझी कॉफीसुद्धा झाली नव्हती.

झालं असं. पावणेआठच्या निधनवार्ता आमच्या रेडिओ स्टेशनवर लेमुएलने वाचल्या, नेहमीसारख्या. मागे ऑर्गन, पुढे त्याचा तो विहिरीतून आल्यासारखा आवाज. तिसरं नाव रूफस टॉलिव्हरचं. चर्च कुठलं, काम कुठलं, अंत्यविधी कधी, सगळं रीतसर. मग मागे राहिलेले: पत्नी अर्नेस्टीन टॉलिव्हर, मुक्काम डेट्रॉइट, दोन मुलगे, एक बहीण, ‘आणि जिवलग स्नेही मिस कॉरीन बॅटल, मुक्काम मेकन.’

आता निधनवार्तेत सगळ्यांत शेवटी ‘जिवलग स्नेही’ आला की काय समजायचं, हे मेकनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिच्याशी लग्न लागलं नाही, पण शेवटपर्यंत जिने औषधं दिली, पाय चेपले, ती. कुणी बोलत नाही. ऐकायचं, ‘हं’ करायचं, पुढचं नाव. पण अर्नेस्टीनबाई नवऱ्याला टाकून डेट्रॉइटला गेल्या तेव्हा माझी लेक जोसेलिन दुपट्यात होती. आणि आता त्यांना हक्क आठवला!

‘माझ्या नवऱ्याच्या नावाखाली त्या बाईचं नाव? रेडिओवर? अख्ख्या जॉर्जियासमोर?’

अख्खं जॉर्जिया कुठलं! ढग आले तर आमचं स्टेशन नदीपलीकडे ऐकू येत नाही. हे मी मनात म्हटलं.

त्या गेल्या तोवर ब्लेडसोचा फोन. अंत्यविधीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे, आणि सकाळच्या निधनवार्तांचा तोच मोठा जाहिरातदार. ‘मिस व्हर्नेटा, बाई रूफसला माझ्याकडून उचलून दुसरीकडे नेते म्हणतात. काहीतरी करा हो!’ लग्न झालेलं असलं तरी इथे आदराने सगळे ‘मिस’च म्हणतात.

केलं. उद्या तीच वार्ता पुन्हा वाचू, शेवटची ओळ गाळून, असं कबूल केलं. सगळे गप्प झाले. डोकं ठणकतंय.

मंगळवार, ३ मार्च

सगळे गप्प झाले, एक सोडून.

‘मी नाही वाचणार,’ लेमुएल म्हणाला. स्टुडिओत, सगळ्यांदेखत. ‘मिसेस पेटिफर्ड, काल कागदावर होतं ते मी वाचलं. कागद ब्लेडसोने पाठवला. ब्लेडसोला मजकूर रूफसच्या मुलांनी दिला. सख्ख्या मुलांनी!’

‘आज कागद बदललाय.’

‘मेलेला माणूस बदलला का?’

बघा! रोज एवढाच आवाज, एवढाच शांत, आणि म्हणूनच जास्त संताप येतो. मी म्हटलं, हे माझं स्टेशन आहे. तो म्हणाला, हो. मी म्हटलं, आजपासून या स्टेशनवर कुणाचेच जिवलग स्नेही वाचले जाणार नाहीत, कटकटच नको. हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याने माझ्याकडे बघितलं.  मग डोक्यावर हॅट घातली, खुर्चीवरची उशी काखेत मारली, थर्मास घेतला आणि गेला.

वार्ता मी वाचली. बिनचूक.

थर्मास नेला हे समजू शकते. उशी नेली म्हणजे परत यायचा विचार दिसत नाही.

शुक्रवार, ६ मार्च

फोन नाही. हट्टी म्हातारा!

रविवार, ८ मार्च

काल रूफसचा अंत्यविधी झाला. जाणं भागच होतं. घरच्यांच्या काळ्या गाड्या चर्चच्या दाराशी लागल्या. पहिल्या गाडीतून अर्नेस्टीनबाई उतरल्या, जाळीची हॅट, दोन्हीकडे दोन मुलगे. कॉरीन बॅटल चालत आली. मागच्या बाकांपैकी एकावर बसली. पांढरे हातमोजे घातलेल्या सेविकेने तिच्या हातात ब्लेडसोच्या जाहिरातीचा पुठ्ठ्याचा पंखा दिला. तेवढंच मिळालं तिला.

नंतर तळघरात जेवण. आमच्यात बटाट्याचं सॅलड कुणी केलं हे विचारल्याशिवाय कुणी चमचा उचलत नाही. चिकन कुणाचं, कोलार्डची पालेभाजी कुणाची, सगळी चौकशी होते. टेबलाच्या टोकाला एक पाउंड केक होता, पिवळाधमक, कडा किंचित तांबूस. लोकांनी तो चाटूनपुसून खाल्ला आणि एकानेही विचारलं नाही की कुणाचा; कॉरीनच्या हातचा केक सगळे ओळखतात. अर्नेस्टीनबाईंनी दोन तुकडे खाल्ले! कॉरीन जेवायला खाली आलीच नव्हती.

मी खाल्ला नाही. 

आज रविवार. चर्चहून आले, टेबलावर दोन ताटं मांडली, मग एक उचललं.

हे मी इथेसुद्धा कधी लिहिलं नाही. या वहीला काय गावभर तोंड आहे? पण नाही लिहिलं. आज लिहिते. नऊ वर्षं झाली, लेमुएल स्ट्राउड दर रविवारी माझ्याकडे जेवतो. गाडी लाँड्रीमागे लावतो. मागच्या दाराने येतो. जेवतो, भांडी घासतो, बेसबॉलवरून माझ्याशी भांडतो, आणि अंधार पडायच्या आत हॅट घालून जातो. सोमवारी स्टेशनवर मी ‘मिसेस पेटिफर्ड, तुम्ही’ आणि तो ‘ब्रदर स्ट्राउड, तुम्ही’, चर्चमध्ये म्हणतात तसं. आमच्याइतकं सभ्य मेकनमध्ये दुसरं कुणी नसेल.

दोनदा लग्नाचं विचारलं त्याने. पहिल्यांदा मी म्हटलं, स्टेशनच्या लायसन्सचं नूतनीकरण होऊ दे. दुसऱ्यांदा म्हटलं, जोसेलिनचं लग्न होऊ दे. लायसन्स झालं. लग्नही झालं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही.

माझ्या नवऱ्यासाठी, हॅरॉल्डसाठी, म्हणून नाही. हॅरॉल्ड जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तो भला माणूस होता, त्याने हरकत घेतली नसती. कारण वेगळं आहे. पुरुषाने दुकान काढलं की लोक दुकान बघतात. बाईने काढलं की आधी विचारतात, कुणी काढून दिलं? मी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लोखंडी फणी तापवून बायकांचे केस सरळ करत होते तेव्हापासून ऐकतेय. केसांचं मलम काढलं, चर्चच्या बायकांनी पिशव्यांतून विकलं, तर म्हणे हॅरॉल्डची कल्पना. हॅरॉल्डला फणी धरता येत नव्हती! स्टेशन विकत घ्यायला बँकेत गेले तर तिथला साहेब माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला, माझ्यामागून कुणी पुरुष येतोय का म्हणून. कुणी आलं नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्यामागे कुणी दिसायचं नाही. म्हणून लेमुएल मागच्या दाराने.

आठवण येते त्याची. झालं! लिहिलं.

मंगळवार, १० मार्च

निधनवार्ता आता रेव्हरंड गेदर वाचतात. स्वतःहून आले, ‘सेवा समजून करतो’ म्हणाले. देवा, सेवेपासून वाचव!

पहिलं नाव वाचलं, मिसेस लुला पीबल्स. लुलाबाई किती धर्मशील होत्या. धर्मशील म्हणजे कशा? तर बायबलातल्या रूथसारख्या. रूथ कोण होती? आणि निघाली गाडी! दुसऱ्या नावाला नोहाचं तारू. तिसऱ्या नावापर्यंत पोचलेच नाहीत, ऑर्गनवाल्याने दोनदा शेवट वाजवला तरी. तिसऱ्या माणसाचा अंत्यविधी आज सकाळी अकराला होता. निम्म्या लोकांना पत्ताच नाही. त्याच्या मेहुण्याने फोन करून जे ऐकवलं ते रेव्हरंडांना मी सांगू शकत नाही.

खाली पार्लरमध्ये गेले तर ड्रायरखाली बसलेल्या बायकांची तीच चर्चा. डॉथी इतकी वर्षं माझं पार्लर सांभाळते आणि इतकी वर्षं मला सुनावते. हातात कर्लर, तोंडात पिना, तरी बोलायची थांबत नाही. ‘मिस व्हर्नेटा, ब्रदर लेमुएलला बोलवा बाई! माझी मावशी म्हणते, या रेव्हरंडाच्या तोंडून जायचं असेल तर मी इतक्यात मरत नाही.’

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग वर येऊन दार लावून बसले.

मी काय बोलवू त्याला? नंबर पाठ आहे. बोट पुढे जात नाही.

शुक्रवार, १३ मार्च

अटलांटाचा माणूस आला होता. त्यांच्या कंपनीने या वर्षी दक्षिणेतली किती स्टेशनं गिळली, त्यांनाच ठाऊक. टाय सुरेख. दात सुरेख. मला म्हणे, ‘मॅडम, तुम्ही आमच्यासाठी प्रेरणा आहात.’ प्रेरणा म्हटलं की समजावं, समोरचा काहीतरी काढून घ्यायला आलाय.

सगळं गाणंबजावणं अटलांटाहून येणार. इथे एक माणूस ठेवायचा, दिवे लावायला. रविवारचं चर्चचं प्रक्षेपण बंद. मतदार नोंदणीचा कार्यक्रम बंद, ‘त्याला श्रोता नाही.’ माझ्या ड्रायरखाली बसून किती बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा मतदाराचा अर्ज भरला, हे त्याला काय सांगू? तो तेव्हा पाळण्यातसुद्धा नव्हता.

‘आणि ते सकाळचं... मृतांचं जे काही आहे ते. सकाळी सकाळी लोकांना मरण ऐकायचं नसतं, मॅडम.’

‘मेलेल्यांना तरी कुठे हौस असते?’ मी म्हटलं. तो हसावं की नको या विचारात पडला.

विक्रीचा कागद ठेवून गेलाय. तीस तारखेला सही घ्यायला येणार.

खरं सांगायचं तर हाकलून द्यायला हवं होतं, दिलं नाही. थकलेय. लेमुएल नाही तर ती पावणेआठची वेळ कुणासाठी सांभाळू? त्या वेळेवर ब्लेडसोची जाहिरात, जाहिरातीवर सकाळ, सकाळवर स्टेशन. एक वीट काढली आणि भिंत हलतेय. आणि वीट मीच काढली.

शनिवार, १४ मार्च

जोसेलिनचा फोन, शार्लटहून. अटलांटाचं तिला कसं कळलं? डॉथी! दुसरं कोण?

‘आई, विकून टाक. डॉक्टर काय म्हणाले? रक्तदाब बघ जरा तुझा.’

‘आणि दिवसभर करू काय?’

‘माझ्याकडे ये.’

‘तुझ्याकडे? तुझ्या त्या पांढऱ्या स्वयंपाकघरात? मासे तळले तर खिडक्या उघडायला पळतेस!’

‘आई, अगं किती दिवस ओढणार? ब्रदर लेमुएल तरी किती दिवस वाचणार आता?’

तो स्टेशन सोडून गेलाय हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे डॉथीने एवढं पोटात ठेवलं. का ठेवलं असेल? डॉथीच्या पोटात पाणीही टिकत नाही. तिला आमच्या रविवारचं ठाऊक आहे की काय? मला जरा धसकाच बसला. मी म्हटलं, शेगडीवर दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला.

गुरुवार, १९ मार्च

व्यापारी मंडळाचा जीवनगौरव! जीव नको झाला.

हॉटेलातलं चिकन रबरासारखं. परिचय करून देणाऱ्या गृहस्थांनी चष्मा लावला आणि सुरू झाले. मेकनमधली पहिली कृष्णवर्णीय स्त्री जिने हे केलं, पहिली जिने ते केलं, पहिली, पहिली, पहिली. मी कधी दुसरी नव्हतेच का कशात? तीन पार्लरं, सौंदर्यकलेची शाळा, मलम, स्टेशन, हिवाळ्यात मुलांना कोट, उन्हाळ्यात मुलांना नोकऱ्या. सगळं बरोबर होतं. ऐकताना वाटलं, मीच मेलेय आणि रेव्हरंड गेदर वाचतायत.

मग फलक. लाकडी, पितळी पट्टीचा. असे गॅरेजमध्ये इतके आहेत की थंडीत चूल पेटवता येईल.

टाळ्या झाल्या. मी व्यासपीठावरून सवयीने स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाकडे बघितलं. स्टाफचं टेबल नेहमी तिथेच असतं. नऊ वर्षं प्रत्येक समारंभाला लेमुएल तिथे बसलाय, तोच चॉकलेटी सूट, तोच टाय. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या की त्याच्या दोन जास्तीच्या. मला कळाव्यात म्हणून. निमंत्रणावर दरवेळी लिहिलेलं असतं ‘मिसेस पेटिफर्ड आणि सोबती’, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर दरवेळी माझी पर्स बसते.

आज टाळ्या थांबल्या त्या थांबल्याच.

भाषण काय केलं आठवत नाही. लोक म्हणाले, फार छान झालं. म्हणणारच.

शनिवार, २१ मार्च

मिस अर्झेलाकडे गेले. लेमुएलची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनेच त्याला वाढवलं. दोघं अजून त्याच घरात राहतात, प्लेझंट हिलवर. माझ्या शेगडीपुढे अगदी सुरुवातीला बसलेल्या बायकांपैकी ती एक. ईस्टरआधी तिचे केस मीच करते, पार्लरमधल्या मुलींना हात लावू देत नाही ती. चेरी फुलल्यात, सगळा रस्ता गुलाबी झालाय, आणि मी हातात फणी घेऊन चोरासारखी तिच्या दाराशी!

‘तो नाहीये घरात,’ अर्झेला दारातूनच म्हणाली. ‘तुझी गाडी वळताना दिसली, तसा गळ घेऊन पळाला. आयुष्यात एक मासा पकडला नाही त्याने!’

‘मी तुमच्यासाठी आलेय, मिस अर्झेला.’

‘हो का? बस मग. म्हणजे मी बसते, तू उभी राहा.’

शेगडी पेटवली, फणी तापवली. केस विरळ झालेत, कापसाच्या धाग्यासारखे. माझंच मलम लावलं. कानाशी आले तसं सवयीने म्हटलं, ‘कान धरा.’ तिने बोटांनी कान खाली दुमडून धरला, लहान मुलीसारखा.

‘तू मला मूर्ख समजतेस का गं पोरी?’

‘मी? छे!’

‘दर रविवारी माझा भाऊ जेवून येतो आणि मला सांगतो, कॅफेटेरियात जेवलो. कॅफेटेरियात असा पीच कॉब्लर करतात, वरून खरपूस भाजलेला, आत गोड पीच? त्याच्या शर्टावर सांडलेला मी चाखून बघितलाय!’

फणी हातात तशीच राहिली. ती म्हणाली, ‘बघतेस काय, जळेल ना डोकं!’

मी केस करत राहिले. तीच पुढे बोलली. ‘त्या कॉरीनचं नाव खोडलंस त्या दिवशी हा घरी आला. उशी खुर्चीवर ठेवली. म्हणाला, अर्झेला, मला आता कळलं मी मेल्यावर ती कुठे बसेल. मागच्या बाकावर. आणि ती जागा तिने स्वतःच राखून ठेवलीय.’

मी फणी पुन्हा शेगडीवर ठेवली. 

‘मी गेले की माझे केस तू करायचे,’ ती म्हणाली. ‘ब्लेडसोची पोरगी फार फुगवते.’

‘तुम्ही कुठे जाताय इतक्यात?’

‘ते मला नको विचारू. आणि ऐक. आमचं दुसरं कुणी उरलेलं नाही. पहिल्या गाडीत हा एकटा बसणार. मोठी असते गं ती गाडी. सहा माणसांची.’

मग आरसा मागितला, दोन्ही बाजूंनी बघून घेतलं, म्हणाली, ‘ठीक आहे. डावीकडे जरा घाई केलीस.’

हे खानदानच असं आहे!

रविवार, २२ मार्च

चर्चहून सरळ घरी. पीच कॉब्लर केला. कुणासाठी, विचारू नये.

बुधवार, २५ मार्च

मिस अर्झेला गेली. दुपारी, आरामखुर्चीत. शेजारी रेडिओ चालू होता, आमचंच स्टेशन. ब्लेडसोने फोन करून सांगितलं. लेमुएलने नाही.

गुरुवार, २६ मार्च

मिस अर्झेलाला ब्लेडसोकडे ठेवलंय. तिथे गेले ते फणी, शेगडी, मलम घेऊनच. त्याची मुलगी म्हणाली, मिस व्हर्नेटा, मी करते ना. मी म्हटलं, बाळ, तू बाहेर थांब.

मी याआधीही केलेत असे. माझ्या कितीतरी बायकांचं शेवटचं डोकं मी केलंय. हात चालत राहतात, आपण दुसरीकडे बघत नाही, होतं. उजवी बाजू झाली. मग डाव्या बाजूला, कानाशी आले आणि तोंडातून गेलं, ‘कान धरा, मिस अर्झेला.’

मग मला पुढे करता येईना. फणी खाली ठेवली आणि तिथेच, तिच्या उशाशी, मी ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत कुणासमोर रडले नव्हते. कुणासमोर म्हणजे, दारात लेमुएल उभा होता. कधीपासून कोण जाणे.

तो आत आला. काही न बोलता पलीकडे जाऊन उभा राहिला, हात पुढे केला आणि बहिणीचा कान दोन बोटांनी हलकेच खाली धरला.

मी फणी पुन्हा तापवली. डावी बाजू केली. घाई केली नाही.

झाल्यावर तो म्हणाला, ‘उद्या सकाळी वार्ता जायला हवी. शनिवारी अंत्यविधी आहे.’

‘तुम्ही वाचाल?’ मी विचारलं. दारापलीकडे ब्लेडसोची मुलगी होती म्हणून ‘तुम्ही’.

‘मला जमायचं नाही. तुम्ही वाचा, मिसेस पेटिफर्ड. रेव्हरंड नको. अर्झेला उठून बसेल.’

‘मागे राहिलेल्यांत?’

‘एक भाऊ,’ तो म्हणाला. पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबले. तो बहिणीच्या केसांकडे बघत होता. ‘एवढंच. तुमचा नियम आहे ना.’

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं! मी फणी पुसली, सामान भरलं, आणि गाडीत येऊन बसले तर किल्ली लागेना.  इतका संताप आलाय ना मला. कुणाचा, ते मला पक्कं माहीत आहे.

शुक्रवार, २७ मार्च

वाचली.

ऑर्गन, नाव, चर्च, प्लेझंट हिलचं घर. ‘मागे एक भाऊ, लेमुएल स्ट्राउड.’ कागद तिथे संपत होता. मी श्वास घेतला आणि पुढे म्हटलं, ‘आणि त्यांची जिवलग स्नेही, व्हर्नेटा पेटिफर्ड, मुक्काम मेकन.’ मग म्हटलं, ‘या महिन्याच्या सुरुवातीला एक नाव गाळलं होतं. दिवंगत रूफस टॉलिव्हर यांच्यामागे त्यांच्या जिवलग स्नेही मिस कॉरीन बॅटल आहेत.’ ऑर्गनवाला वाजवायचा विसरला.

थोडा वेळ एकही फोन नाही. मग सगळे एकदम. अर्नेस्टीनबाई डेट्रॉइटला परतल्यात, देवाची कृपा. खालून डॉथीची आरोळी जिन्यातून वर आली, ‘अखेर बोललात बाई एकदाच्या!’ जोसेलिन फोनच्या दोन लाइनी अडवून बसली होती, तिला म्हटलं थांब. डॉथीला सांगितलं, अटलांटाला कळव, सोमवारी येऊ नका, विकायचं नाही.

लेमुएलचा फोन सगळ्यांत शेवटी.

‘घाईत वाचलंस,’ तो म्हणाला. ‘शेवटचं नाव नीट ऐकूच आलं नाही.’

‘तू सोमवारी येऊन नीट वाच मग!’

‘उशी घेऊन येतो.’ मी फोन ठेवणार तोच तो पुन्हा बोलला.  ‘उद्या गाडी दहाला निघेल,’ तो म्हणाला. ‘आधी तुझ्याकडे येईल. पुढच्या दाराशी.’

जांभळी हॅट घालणार आहे. मोठी आहे, पण गाडीही मोठी आहे.